मदत हवी आहे: भूचुंबकीय वादळात आयनोस्फिअरमधला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातला) प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, वर जातो की खाली?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी १० मे २०२४ चं भूचुंबकीय वादळ घेतलंय, तेच ज्यात डीएसटी (वादळाची तीव्रता मोजणारा निर्देशांक) उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला आणि लडाखमधून लाल प्रकाश दिसला. एरवीचं कळतं, दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर विद्युतक्षेत्र पूर्वेकडे आणि चुंबकक्षेत्र उत्तरेकडे असतं म्हणून प्लाझ्मा वर ढकलला जातो आणि मग कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना उतरतो, म्हणजे आपल्याकडे तिरुनेलवेलीवर उचलला आणि अहमदाबाद-भोपाळकडे साठला. पण वादळात दोन गोष्टी येतात ना, सौरवाऱ्याचं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलं की लगेच आत घुसणारं विद्युतक्षेत्र, आणि ध्रुवाकडची हवा तापून वारे बदलले की काही तासांनी येणारा डिस्टर्बन्स डायनॅमो, ज्याचं विद्युतक्षेत्र दिवसा उलटं म्हणजे पश्चिमेकडे असतं. आता घोळ असा की हे वादळ आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झालं, तेव्हा आत घुसणारं क्षेत्र साधारण पश्चिमेकडे असणार, मग रात्रीपुरतं ते आणि डायनॅमो वेगळे कसे ओळखायचे? नुसत्या जीपीएसच्या टीईसीवरून (सिग्नलच्या वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनच्या मोजमापावरून) जमेल, की तिरुनेलवेली आणि अलिबागच्या मॅग्नेटोमीटरमधला (चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदींमधला) फरकही घ्यावा? तो तर दिवसाच कामाचा ना? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज, गाइड म्हणतात तूच शोध 😅