मदत हवी आहे: डिपेंडंट केअर एफएसएमध्ये २०२६ साठी किती रक्कम टाकू? नवऱ्याचं ईएडी एप्रिलअखेर संपतंय

पाणंद

नमस्कार. माझ्या ऑफिसचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाच्या सोयी निवडायची मुदत) येत्या शुक्रवारी बंद होतंय आणि मी आठवडाभर एकाच रकान्यापाशी अडकले आहे: डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलं सांभाळायच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे कापून ठेवायचं खातं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, नवरा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि त्याच्याकडे ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) असल्यामुळे तोही नोकरी करतो. मुलगा आठ वर्षांचा, शाळेनंतर साडेसहापर्यंत आफ्टरकेअरला असतो, महिना ४३० डॉलर. धाकटी दोन वर्षांची, पूर्ण वेळ डेकेअर, महिना १,६५० डॉलर. म्हणजे महिन्याला २,०८० डॉलर फक्त मुलं सांभाळायला जातात. आजवर घरटी ५,००० डॉलरची मर्यादा होती, ती २०२६ पासून ७,५०० झाली आहे हे एचआरच्या मेलमध्ये वाचलं. खर्च बघता पूर्ण ७,५०० टाकायला हवेत हे सरळ दिसतं.

पण नवऱ्याचं ईएडी ३० एप्रिलला संपतंय. नूतनीकरणाचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे नवं कार्ड वेळेत आलं नाही तर १ मेपासून त्याला घरी बसावं लागेल. धाकटीला मात्र डेकेअरमधून काढता येणार नाही, कारण जागा सोडली की परत यादीत शेवटी. ही जागा मिळायला आम्ही अकरा महिने थांबलो होतो. नवरा घरी आणि मुलगी डेकेअरला, असे काही महिने गेले तर तो खर्च एफएसएतून मिळतो का? नाही मिळाला तर कापून घेतलेले पैसे बुडणार का?

बुडण्याची भीती उगाच नाही. २०२३ मध्ये मी ३,५०० डॉलर टाकले होते, तेव्हा फक्त मुलाचं आफ्टरकेअर होतं. धाकटीच्या वेळी सासूबाई जुलैत आल्या, मुलाला दुपारी त्या घरीच बघायला लागल्या, आम्ही आफ्टरकेअर बंद केलं आणि समर कॅम्पही रद्द केला. वर्षअखेर १,२२० डॉलर खात्यात पडून राहिले आणि गेले. माझ्याच पगारातले. ते स्टेटमेंट मी अजून ठेवलं आहे. ओलं बाळंतपण, रात्रीची जागरणं, आणि त्यात ती ओळ, 'फॉरफिटेड'. पुन्हा तसं व्हायला नको आहे.

दुसरा प्रश्न: माझे आई-बाबा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येत आहेत. आईला पैसे देऊन ते क्लेम करता येतात असं एका मैत्रिणीने सांगितलं. हे खरं आहे का?

मेतकूट

तुमच्या आईचा प्रश्न आधी, कारण त्यात धोका आहे. कृपया करू नका. आजीला पैसे दिले तर चालतात हे नियमात खरंच आहे, पण ती आजी टॅक्समध्ये तुमच्यावर अवलंबून दाखवलेली नसावी आणि तिचा टॅक्स नंबर तुम्हाला टॅक्स भरताना फॉर्म २४४१ वर भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्या किंवा नागरिक असलेल्या आजीसाठी हे ठीक. बी-२, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इथे मोबदला घेऊन काम करायची परवानगी नाही. थोड्या डॉलरसाठी आईचा पुढचा व्हिसा पणाला लावू नका.

नवऱ्याला, टॅक्समध्ये डिपेंडंट असलेल्या कुणालाही आणि स्वतःच्या १९ वर्षांखालच्या मुलाला दिलेले पैसेही चालत नाहीत.

हिशोबवही

ताई, मी पंधरा वर्षं लोकांचे टॅक्स भरतेय. तुमच्या बाबतीत उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरं आहे, फक्त दोन गोष्टी वेगळ्या करून बघा.

पहिली, खर्च कधीचा. मूल सांभाळायला दिलं ते नवरा-बायको दोघांनी काम करावं म्हणून, ही या खात्याची मूळ अट. दोघंही काम करत असतील, किंवा एक काम करत आणि दुसरा नोकरी शोधत असेल, तेवढ्या दिवसांचाच खर्च धरतात. आजारपण किंवा सुट्टी अशी दोन आठवड्यांपर्यंतची छोटी गैरहजेरी चालते. पण ईएडी नसल्यामुळे नवरा महिनोन् महिने घरी असेल तर त्या काळातलं डेकेअरचं बिल क्लेम करू नका. परवानगीच नसताना 'नोकरी शोधतोय' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी, रक्कम. कॅलेंडर घेऊन बसा. जानेवारी ते एप्रिल तुम्ही दोघंही नोकरीत आहात. चार महिन्यांचे २,०८० म्हणजे ८,३२० डॉलर. हे ७,५०० च्या वर गेले! म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तुमचा वर्षभराचा पात्र खर्च होऊन गेलेला असेल. मे ते डिसेंबर काय होतं याने त्याला धक्का लागत नाही.

फक्त हे खातं आरोग्याच्या एफएसएसारखं नाही. तिथे पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम वापरता येते. इथे पगारातून जेवढे कापले गेले तेवढेच बाहेर येतात. दर दोन आठवड्यांनी पगार असेल तर ७,५०० भागिले २६, म्हणजे साधारण २८८ डॉलर एका वेळी. एप्रिलअखेर खात्यात अडीच हजारांच्या आसपासच असतील. तुम्ही क्लेम मात्र चारही महिन्यांचे लगेच दाखल करा. ते रांगेत थांबतात आणि पैसे जमतील तसे तुमच्या बँकेत येत राहतात.

आणखी एक मर्यादा: दोघांपैकी ज्याची वर्षाची कमाई कमी, त्या कमाईपेक्षा जास्त रक्कम करमुक्त होत नाही. नवऱ्याने चार महिन्यांत ७,५०० च्या वर कमावलं की हा प्रश्न मिटला. ज्यांचा जोडीदार वर्षभर एच-४वर घरी आहे आणि कमाई शून्य, त्यांना मात्र हे खातं उपयोगाचं नाही. अपवाद म्हणजे तो किंवा ती वर्षात किमान पाच महिने पूर्ण वेळ शिकत असेल. मग त्या प्रत्येक महिन्याला एका मुलासाठी २५० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ५०० डॉलर कमाई मानली जाते.

पाणंद

हिशोबवही, हे वाचून मोठा सुस्कारा सोडला. खर्चाची तारीख आणि पैसे हातात येण्याची तारीख वेगळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बारा महिन्यांना भागून दर महिन्याचे ६२५ मे नंतर कुठून दाखवू, याच घोळात होते.

मग बिल आधी भरून टाकलं तर? एप्रिलमध्येच मे-जूनचे पैसे दिले तर ते चालतील का?

हिशोबवही

नाही. पैसे कधी दिले हे बघत नाहीत, मूल कोणत्या दिवशी सांभाळलं ते बघतात. मेचं बिल मेचंच. पावतीवर 'सर्व्हिस डेट्स' लिहिलेल्या नसतील तर क्लेम परत येतो. डेकेअरचं नाव, मुलाचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रक्कम, आणि त्यांचा टॅक्स नंबर, एवढं एका कागदावर हवं. नुसती कार्डची स्लिप चालत नाही.

आणि ताई, २०२३ बद्दल. सांगावं की नाही असं वाटलं, पण इथे दुसरं कुणी वाचत असेल म्हणून सांगते. ते १,२२० वाचू शकले असते. सासूबाई आल्या आणि पैसे देऊन चालणारी सोय बंद झाली, हा सांभाळणाऱ्यातला बदल धरला जातो आणि अशा वेळी वर्षाच्या मध्येही कपात कमी किंवा बंद करता येते. बाळाचा जन्म, जोडीदाराची नोकरी जाणं किंवा लागणं, डेकेअर बदलणं, डेकेअरने फी वाढवणं (सांभाळणारा नातेवाईक नसेल तर), मूल १३ वर्षांचं होणं, ही सगळी कारणं चालतात. बहुतेक कंपन्या ३० दिवसांत कळवा म्हणतात. ओपन एनरोलमेंट गेलं की वर्षभर हात बांधलेले, असं पुष्कळांना वाटतं आणि पैसे जातात.

पाणंद

हे कुणीच सांगितलं नाही. तेव्हाच्या एचआरला मी फोन केला होता, त्यांनी 'आता पुढच्या वर्षी' एवढंच म्हटलं. वाईट वाटतं, पण सांगितलंत हे फार बरं झालं.

खारीक

आम्ही मुलीला जवळच्याच एका काकूंकडे ठेवतो. फार मायेने करतात, गरम वरण-भात भरवतात. पण त्या कॅश घेतात आणि टॅक्स नंबर द्यायला तयार नाहीत. मग आमचं काय?

मेतकूट

नंबर नसेल तर क्लेम अडतो. आयआरएसचा (टॅक्स खात्याचा) फॉर्म डब्ल्यू-१० याच कामासाठी असतो, तो काकूंना नम्रपणे द्या. त्यांना ते उत्पन्न दाखवावं लागेल आणि त्यावर टॅक्स पडेल, त्यामुळे त्यांची अडचणही खरी आहे. आमच्या ओळखीत एका घरी वर्ष सुरू व्हायच्या आधीच काकूंशी बोलून फी थोडी वाढवली आणि त्या रीतसर पावती द्यायला लागल्या. डिसेंबरात अचानक नंबर मागितला की संबंध बिघडतात.

बाभूळ

माझ्या मुलाचं आफ्टरकेअर कराटेच्या क्लासमध्येच आहे. त्यांची व्हॅन शाळेतून घेऊन येते. तिथे काय होतं?

हिशोबवही

पावतीवर 'आफ्टर-स्कूल केअर' असेल आणि मूल रोज तिथे सांभाळायलाच राहत असेल तर चालतं. नुसत्या कराटेच्या, भरतनाट्यमच्या किंवा गणिताच्या क्लासची फी चालत नाही. उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प चालतो, मग तो फुटबॉलचा असो की कॉम्प्युटरचा. रात्री मुक्काम असलेला कॅम्प अजिबात नाही, त्यातला दिवसाचा भागसुद्धा नाही. प्रीस्कूलची फी चालते, किंडरगार्टन आणि पुढची शाळेची फी नाही. आणि हे सगळं तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतच.

आगळ

विषय थोडा वेगळा, पण खात्याच्या नावात 'चाइल्ड' नाही, 'डिपेंडंट' आहे, म्हणून लिहितो. माझी आई ग्रीन कार्डवर आमच्याकडेच राहते. तिला विस्मरणाचा आजार आहे. गॅस बंद केला की नाही आठवत नाही, अंघोळीला मदत लागते. आम्ही दोघं नोकरीला जातो तेव्हा ती ॲडल्ट डे केअरला जाते. सकाळी पावणेनऊला व्हॅन येते, मी तिच्या स्वेटरची बटणं लावून देतो आणि खिशात पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवतो. तो खर्च मी तीन वर्षं या खात्यातून घेतोय. अट अशी की ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसावी, आपल्यावर अवलंबून असावी, वर्षाच्या निम्म्याहून जास्त आपल्या घरी राहत असावी, आणि बाहेरच्या केंद्रात जात असेल तर दिवसाचे किमान आठ तास आपल्या घरी असावी. आई-वडिलांना सांभाळणाऱ्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

पाणंद

आगळ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. हे मलाही माहीत नव्हतं.

हिशोबवही, शेवटचा प्रश्न. हे खातं न घेता टॅक्स भरताना चाइल्ड केअर क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी सूट, घेतलं तर? त्यात बुडायची भीती तरी नाही.

हिशोबवही

चांगला प्रश्न, आणि २०२६ मध्ये तो पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. एफएसएत ७,५०० टाकले तर तुमच्या फेडरल टॅक्सच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरच्या ७.६५ टक्क्यांत मिळून सुमारे २,२२० डॉलर वाचतात. न्यू जर्सीच्या स्टेट टॅक्समध्ये ही सूट धरू नका, तिथे पगार पूर्णच मोजतात.

क्रेडिटला दोन मुलांसाठी जास्तीत जास्त ६,००० डॉलरचा खर्च धरतात, आणि एफएसएतून घेतलेली रक्कम त्यातून वजा होते. पूर्वी ५,००० एफएसएत घालून उरलेल्या १,००० वर क्रेडिट मिळायचं. आता ७,५०० टाकले की क्रेडिटला काही उरत नाही. दोघांचं मिळून उत्पन्न २,१०,००० च्या वर असेल तर क्रेडिट २० टक्के, म्हणजे १,२००, तेव्हा एफएसए सरळ पुढे. पण नवरा आठ महिने घरी राहिला आणि उत्पन्न दीड लाखाच्या आसपास आलं, तर २०२६ च्या नव्या दरांनी क्रेडिट ३५ टक्के होतं, म्हणजे २,१००. दोन्ही जवळजवळ सारखंच. कार्ड वेळेत आलं तर एफएसए हजारभर डॉलरने पुढे, नाही आलं तर फरक शंभर-सव्वाशेचा. म्हणून मी तुमच्या जागी असते तर पूर्ण ७,५०० टाकले असते.

एवढं बघा की दुसऱ्या कुठल्या नोकरीतून नवऱ्यानेही हेच खातं घेतलेलं नाही ना. मर्यादा दोघांची मिळून एकच आहे. आणि एचआरला विचारा की जास्त पगारवाल्यांची कपात वर्षाच्या मध्ये कमी करतात का. या खात्याचा फायदा मुख्यतः जास्त पगारवाल्यांनाच होत नाही ना, हे बघणाऱ्या कायद्याच्या चाचणीमुळे काही कंपन्यांत तसं होतं.

पाणंद

आज सकाळी एचआरशी बोलले. आमच्याकडे १५ मार्चपर्यंतचा ग्रेस पीरियड (खर्चाला जादा मुदत) नाही, खर्च ३१ डिसेंबरपर्यंतचाच. क्लेम दाखल करायला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत मुदत आहे. बदल कळवायला ३० दिवस, आणि जोडीदाराची कामाची परवानगी संपणं हे नोकरी जाण्यातच धरतात असं त्यांनी मेलवर लिहून दिलं आहे. जास्त पगारवाल्यांची कपात गेल्या वर्षी झाली नव्हती. नवऱ्याच्या कंपनीत हे खातं आम्ही घेतलेलं नाही.

७,५०० टाकले. डेकेअरच्या ऑफिसातल्या बाईंना संध्याकाळी मुलीला घ्यायला गेले तेव्हाच सांगितलं की जानेवारीपासून दर महिन्याच्या पावतीवर तारखा आणि टॅक्स नंबर हवा. त्यांनी लगेच नमुना काढून दाखवला. आईला फोन करून सांगितलं की पैशाचं काही नाही, तू फक्त ये. ती म्हणाली, मी कधी पैसे मागितले होते?