अडतं ते मिक्सरपाशी

फूड लॅबमध्ये तपासणीसाठी खाद्यपदार्थांचे नमुने तयार करायचं काम 'सगळं रोबोटवर टाका, माणूस हवाच कशाला' असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. अंधेरीच्या एका फूड लॅबमध्ये मी नमुने तयार करतो. वजन, बारकोड, आम्ल घालणं यंत्राने खुशाल करावं. जेवणानंतर माझाही हात चुकतो. पण मिसळीची अख्खी प्लेट मिक्सरला लावून बघा. तर्री भांड्याच्या कडांना चिकटते, फरसाणाचा लगदा पात्याखाली बसतो. यातलं जेमतेम 1 ग्रॅम केल्डालला (नायट्रोजन मोजायची चाचणी) जाणार, आणि आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणून प्रथिनं काढायची. म्हणजे चूकही गुणूनच येते!

द्रव नायट्रोजनमध्ये (उणे 196 अंश) गोठवून दळलं की तेलही कडक होतं आणि भुकटी एकसारखी पडते. फक्त आपल्या पावसाळ्यात ती गार भुकटी उघडी ठेवू नका, हवेतलं पाणी लगेच धरते. व्हिटॅमिन सीचा नमुना वेगळाच, झटपट करायचा.

रोबोट घेण्याआधी एकाच भांड्यातून वरचं, मधलं, तळचं असे तीन नमुने काढून फॅट तपासा. आमचे तिन्ही आकडे तीन दिशांना गेले. सध्या रोबोटचं कोटेशन फायलीत आहे आणि कडा मीच खरवडतोय.