ओव्हरक्लॉकिंग करताना तुमचा पीसी कुठे अडला? अनुभव सांगा

प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) दोन आकडे वाढवले आणि पुढचे दोन रविवार उघड्या कॅबिनेटसमोर टॉर्च घेऊन बसलो, अशा मंडळींसाठी हा धागा. स्कोअरचे फोटो नकोत. आधी संशय कोणावर घेतला आणि चोर कोण निघाला, तेवढं लिहा. सुरुवात मीच करतो.

माझा प्रोसेसर आय५-२५००के, मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा. मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्याने गुणतात तो आकडा) ४५ केला, झाले ४.५. व्होल्टेज 'ऑटो'वरच राहू दिलं. बोर्डाने परस्पर १.४२ व्होल्ट चढवलं. नागपूरच्या जानेवारीत हे खपून गेलं. मे महिन्यात गेम लावला की दहाव्या मिनिटाला निळा पडदा, कोड १२४. हा कोड म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून मी शहाण्याने आणखी वाढवलं. तापमान नव्वदीपार! शेवटी कूलरचा पंखा उतरवला, तर आत पत्र्यांवर धुळीची अख्खी गादी. जुन्या टूथब्रशने खरवडली, व्होल्टेज हाताने १.३० टाकलं, मल्टिप्लायर ४३ वर आणला. तो उन्हाळा निभावला.

*

माझा किस्सा त्याही आधीचा, क्यू६६०० प्रोसेसरचा. त्यात मल्टिप्लायर ९ च्या वर जात नसे, म्हणून एफएसबी (मल्टिप्लायर ज्याला गुणतो तो मूळ क्लॉक) २६६ वरून ३३३ केला. ९ ने गुणलं की सरळ ३ गिगाहर्ट्झ. पडदा काळा. प्रोसेसरला चार दिवस शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. एफएसबीबरोबर रॅमही पळत होती, दोघांच्या वेगाचा रेशो तसाच राहिल्याने ८०० ची डीडीआर२ थेट १००० वर. रेशो १:१ केल्यावर रॅम ६६७ वर आली आणि मशीन मुकाट सुरू झालं.

हे कळेपर्यंत बायोस रीसेट करायला बोर्डावरची गोल बॅटरी तीनदा काढली होती. काही फरक नाही, कारण पॉवरची वायर भिंतीतच होती! पीसी बंद असला तरी बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत राहते, हे तेव्हा समजलं.

*

बॅटरीवरून आठवलं. मी नीट रीसेट केला, बायोस उघडला, पण विंडोज सुरू होता होता निळा पडदा. "जळला प्रोसेसर," असं दादाला सांगूनही टाकलं. खरं तर रीसेटमुळे साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला होता आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. तेव्हापासून काही बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढतो.

*

आमचं तर सुरूच झालं नाही. दुकानदाराने 'के'वाला (मल्टिप्लायर वाढवता येणारा) प्रोसेसर दिला आणि सोबत एच६१ चा बोर्ड. त्या चिपसेटवर मल्टिप्लायर वाढतच नाही. पैसे 'के'चे गेले.

*

माझं प्रकरण अजून चालू आहे. रायझन ७ ५८००एक्स, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कापायच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरना उणे ३०. सिनेबेंच (सगळ्या कोअरना राबवणारी चाचणी) तासभर चालवलं, ढिम्म हललं नाही. आणि मग चहा आणायला उठलो की मागे पीसी आपोआप रीस्टार्ट. आधी एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) संशय घेतला, मित्राचा आणून लावला, तेच. गोम अशी की सगळे कोअर कामाला लागले की क्लॉक खाली येतो. काम हलकं असलं की एखादाच कोअर सर्वात वर उडी मारतो आणि नेमकं तिथे कापलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचइए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १८ क्रमांकाची नोंद मिळाली, त्यात एपिक आयडी (थ्रेडचा क्रमांक) ६. दर कोअरला दोन थ्रेड, म्हणजे शून्यापासून मोजला तर कोअर ३. फक्त तेवढा उणे १२ वर आणलाय, बाकीचे जिथल्या तिथे. कालपासून तीन वेळा चहा झाला, अजून चालू आहे. पुन्हा पडला तर लिहितोच.