बायपासआधी स्मरणशक्तीची चाचणी सक्तीची करावी का?

दर्याकाठ, मालवण:
बाबांच्या बायपासला चार महिने झाले. वय ७१, जन्मभर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढलेला माणूस. तिथी सांगा, भरतीची वेळ तोंडावर. चतुर्थी? चारची पाऊणपट, तीन वाजता. परवा षष्ठीला बोटांवर मोजू लागले, अर्ध्यावर थांबले नि माझ्याकडे बघत राहिले. मोका या स्मरणशक्ती नि लक्ष तपासणाऱ्या चाचणीत मात्र ३० पैकी २६, म्हणे नॉर्मल. ऑपरेशनआधीचा आकडाच नाही, मग २६ ही घसरण की पहिल्यापासून तेवढेच? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २६१ बायपास रुग्ण आधी-नंतर तपासले, २००१ साली ते छापून आलं. घरी जाताना ५३ टक्के घसरलेले, सहा महिन्यांनी २४, पाच वर्षांनी पुन्हा ४२. आधीची चाचणी सक्तीचीच हवी.

गुहागरची सिस्टर:
दादा, बाबांचं वाचून जीव कळवळला. पण ते ४२ टक्के असे सांगत फिरू नका. त्यात तुलनेला ऑपरेशन न झालेले रुग्णच नव्हते. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बायपास न केलेले हृदयरोगीही सोबत तपासले, तर सहा वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. म्हणजे मूळ दुखणं रक्तवाहिन्यांचं. "डोकं जाईल" म्हणून ऑपरेशन टाळणारे मी पाहिलेत हो. शिवाय आदल्या रात्री कुणाचं चित्त थाऱ्यावर असतं? तेव्हाचा आकडा पडलेलाच येणार.

कलमबाग, देवगड:
सिस्टरांशी सहमत. माझी आई चौथी शिकलेली. तिला म्हणे घनाचं चित्र काढा, घड्याळाचं चित्र काढा. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना मोकात एक गुण वाढवून देतात. एका गुणाने चौथी नि बारावी सारखी होते? पुन्हा तीच चाचणी घेतली की सरावानेच गुण वाढतात, ते वेगळंच. सक्ती कसली करताय!

दर्याकाठ, मालवण:
आदल्या रात्री नको, तारीख ठरते त्या दिवशी घ्या. आणि शिक्षण कमी असेल तर आधीचा आकडा जास्तच हवा, माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी होईल.

गुहागरची सिस्टर:
हे पटलं, सक्ती अजूनही नाही. बाबांची झोप कशी आहे? ऐकू नीट येतं? ऑपरेशननंतर मन खचतं, तेही विसरभोळेपणासारखंच दिसतं. डॉक्टरांना हे आधी विचारा.

दर्याकाठ, मालवण:
विचारतो ताई. आज एकादशी. बाबा थांबून थांबून सव्वाआठ म्हणाले. बरोबर आलं. पण पूर्वी किती वेळ लागायचा, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही.