मदत हवी आहे: ‘.ऑल्ट’ची नावं आणि डीएनएस एकत्र कशी नांदवायची?

नमस्कार मंडळी. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर अनबाउंड (डीएनएसमध्ये, म्हणजे नावांवरून आयपी पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेत, चौकशी करून उत्तर आणणारा सर्व्हर) चालवतो. हौस म्हणून त्यावरच जीएनयू नेम सिस्टिम (जीएनएस, डीएनएसला पर्यायी विकेंद्रित नावयंत्रणा) बसवली.

आधी नावांच्या शेवटी मनाला येईल ते लावत होतो. मग ‘.डेव्ह’ आठवलं. लोक ते घरच्या घरी वापरत होते, पुढे ते खरंखुरं डोमेन झालं आणि २०१७च्या अखेरीस क्रोमने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केल्यावर अनेकांची चाचणीची पानं उघडेनात. म्हणून शहाणपणाने ‘.जीएनएस.ऑल्ट’ घेतलं. २०२३च्या आरएफसी ९४७६ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने ‘.ऑल्ट’ डीएनएसबाहेरच्या नावांसाठीच राखून ठेवलंय.

आता अडचण. ‘.ऑल्ट’च्या चौकशा लोकलहोस्टवरच्या (त्याच मशीनवरच्या) जीएनएसकडे वळवल्या (त्यासाठी ‘डू-नॉट-क्वेरी-लोकलहोस्ट: नो’ लागतं, ह्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली). उत्तर येतं, पण अनबाउंड ते नाकारून सर्व्हफेल (‘उत्तर देता आलं नाही’ ही चूक) देतं. माझ्या मते कारण डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही तपासणं): ‘.ऑल्ट’ नाहीच, असं रूट झोन (डीएनएसची सर्वांत वरची यादी) सहीनिशी सांगतो, मग अनबाउंडने माझं ऐकावं तरी का! ‘डोमेन-इनसिक्युअर’ (त्या नावापुरती सही तपासू नको) लावलं की चालतं. हाच योग्य मार्ग आहे का?

दुसरं, ‘.ऑल्ट’च्या आत कोणी काय घ्यावं याची आयानाकडे (इंटरनेटची नावं-क्रमांक नोंदवणारी संस्था) नोंदवहीच नाही. उद्या दुसरी प्रणाली जोडली आणि नावं आदळली तर? फक्त ‘.जीएनएस.ऑल्ट’ वळवून बाकीच्यांना घरातच ‘नाव नाही’ असं उत्तर द्यावं म्हणतो.

आणि बायकोच्या लॅपटॉपवरचा ब्राउझर डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसने (कूटबद्ध डीएनएस चौकशी) अनबाउंडला टाळून परस्पर बाहेर विचारतो. ते बंद न करता काही जमेल का? कोणाची चालू कॉन्फिग असेल तर कृपया टाका.