पेद्रो दे वाल्दिविया: ओसाड खाणगावातली नाती कशी नोंदवून ठेवावीत?

पाम्पाची_सून

नमस्कार मंडळी. जुनी कागदपत्रं, मौखिक इतिहास यात काम केलेली माणसं इथे आहेत म्हणून विचारते आहे. जरा लांबण लागेल.

मी चिलीत, आंतोफागास्ताला राहते. सासर मूळचं पेद्रो दे वाल्दिवियाचं. अताकामा वाळवंटातलं, सोरा काढणाऱ्या कंपनीनं वसवलेलं गाव. १९३१ साली सुरू झालं आणि १९९६ साली रिकामं केलं. कुणी तोकोपियाला गेलं, कुणी कालामाला, बरेच जण इथे आंतोफागास्ताला आले. माझा नवरा तेव्हा शाळेत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे जमिनीखाली कालिचे नावाचा क्षारांचा कठीण थर असतो. तो सुरुंगानं फोडायचा, भरडायचा, पाण्यात विरघळवून त्यातला सोडियम नायट्रेट काढायचा. खत आणि स्फोटकं दोन्हींसाठी जगभर याच सोऱ्याला मागणी होती. या पट्ट्यासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया १८७९ ते १८८४ लढले. पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार व्हायला लागला, १९१३ साली त्याचा कारखाना उभा राहिला, आणि वाळवंटातली शेकडो गावं एकामागून एक बंद पडली. पेद्रो आणि शेजारचं मारिया एलेना टिकली, कारण गुगेनहाइम कंपनीच्या नव्या पद्धतीत कमी प्रतीचा कालिचेही परवडत होता. मारिया एलेनात आजही लोक राहतात. पेद्रोत कुणी नाही.

आता मुद्द्यावर येते. घरांची मला फारशी काळजी नाही. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, लाकूड कुजत नाही, गाव स्मारक म्हणून जाहीर झालेलं आहे. चौक, चर्च, थिएटर, शाळा, बैठ्या घरांच्या रांगा उभ्या आहेत. पत्रे चोरीला जातात, भिंती ढासळतात, पण गाव ओळखू येतं. जे दिसत नाही ते म्हणजे कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, कुणी कुणाच्या पोराला दूध पाजलं, कुणाची कुणाशी सोयरीक झाली. ते सगळं सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या डोक्यात आहे.

सासूबाईंनी गेल्या हिवाळ्यात एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर आपल्या गल्लीचा नकाशा काढायला घेतला. पेन्सिल, फूटपट्टी काही नाही, नुसतं बोटानं मोजत. प्रत्येक घरासाठी एक चौकोन, आणि चौकोनात नाव नाही, तर त्या घराची खूण: "शिलाई मशीन", "जुळी", "गाणारा", "हिची आई दक्षिणेची". दाराच्या कुठल्या बाजूला पाण्याचा नळ होता तेही काढलंय. मग मावससासूबाई आल्या आणि कोपऱ्यावरचं घर गाणाऱ्याचं नव्हतंच म्हणाल्या. दोघींची जुंपली. मी रेकॉर्डिंग चालू केलं तर दोघी गप्प!

म्हणून विचारायचंय ते असं:

अशा नकाशाला धरून पुढे कसं जायचं? दोघींच्या आठवणी जुळत नसतील तर काय लिहायचं? तिथे पुरुषांना खऱ्या नावानं कुणी हाकच मारत नसे, टोपणनावं असत, आणि काही फार लागट आहेत. ती नोंदवावीत का? नणंदेचा सक्त विरोध आहे. शिवाय दिराला जुन्या घराच्या दारावरची क्रमांकाची पट्टी काढून आणायची आहे. मला ते पटत नाही, पण नीट कारण सांगता येत नाही.

---

दप्तरी

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. पट्टी आणू देऊ नका. चिलीत स्मारकांबद्दलचा १७.२८८ क्रमांकाचा कायदा १९७० पासून आहे. जाहीर झालेल्या स्मारकात राष्ट्रीय स्मारक परिषदेच्या परवानगीशिवाय काही काढता-बदलता येत नाही. पण दिरांना कायदा सांगून पटणार नाही, तेव्हा असं सांगा: ती पट्टी दारावर आहे तोवर तुमच्या आईच्या नकाशातला चौकोन प्रत्यक्षात कुठला, हे दाखवता येतं. दिवाणखान्यात आली की ती नुसता पत्र्याचा तुकडा. दारासकट फोटो घ्या, दोन्ही बाजूंची घरं दिसतील असा आणखी एक घ्या, हवं तर तिचा कागदावर ठसा घ्या.

आता नकाशा. तुमच्या सासूबाईंनी जे सुरू केलंय ते कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा चांगलं आहे. "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं की माणसं भाषण देतात. त्यापेक्षा त्यांना मनातल्या मनात चालायला लावा. घरातून निघालात, पावासाठी रांगेत कुठे उभ्या राहायच्या, पुढे कोण असे, शाळेत जाताना कुणाला हाक मारायच्या. प्रश्न जागेला धरून विचारला की माणसं आपोआप येतात.

रेकॉर्डर टेबलावर लपवल्यासारखा ठेवू नका. समोर ठेवा, परवानगी विचारा, ती परवानगीही रेकॉर्डमध्ये येऊ द्या, आणि पहिली पंधरा मिनिटं वाया जाणार हे धरून चाला. शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. शब्दांकन स्पॅनिशमध्येच करा, तिथले बोलीतले शब्द सुधारू नका. मराठी भाषांतर मागाहून, तुमच्या मुलांसाठी.

दोघींचं जुळत नसेल तर दोन्ही लिहा. चौकोन एक, नोंदी दोन, प्रत्येकीखाली सांगणारीचं नाव आणि तारीख. निकाल तुम्ही लावायचा नाही. बहुतेक वेळा दोघी बरोबर असतात, कारण कंपनीच्या घरात बिऱ्हाडं बदलत राहतात. एक साठच्या दशकातलं सांगते, दुसरी सत्तरच्या.

---

निवृत्त_शिक्षिका

टोपणनावांबद्दल माझं मत नणंदेच्या बाजूनं थोडं झुकतं. कुणाच्या व्यंगावरून पडलेलं नाव त्याच्या नातवंडांनी नकाशावर वाचायचं का? मात्र ती नावं अजिबात लिहिलीच नाहीत तर जुनी माणसं एकमेकांना ओळखणारच नाहीत, हेही खरं. दोन याद्या करा. लोकांसमोर ठेवायच्या यादीत खरं नाव. घरच्या यादीत दोन्ही, आणि तिच्यावर स्पष्ट लिहा की अमुक सालापर्यंत उघडायची नाही. लग्नाबाहेरची मुलं, सोडून गेलेले नवरे, दारू, कर्ज, हे सगळं बोलण्यात येणारच आहे. जिवंत माणसाबद्दलची अशी गोष्ट त्या माणसाला विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नका.

---

माळरान

मी नामिबियातलं कोलमान्सकोप पाहिलंय म्हणून लिहितो. तिथे १९०८ साली झकेरियस लेवाला नावाच्या रेल्वे कामगाराला हिरा सापडला, जर्मन वस्ती उभी राहिली, आणि १९५६ पर्यंत गाव ओस पडलं. आज लोक जातात ते वाळूनं भरलेल्या खोल्यांचे फोटो काढायला. मॅनेजरचं घर, शिक्षकाचं घर, दवाखाना, बर्फाचा कारखाना, सगळं दाखवतात. हिरे वेचणारे ओवाम्बो कामगार मात्र करारावर उत्तरेकडून आणलेले होते. बायकामुलांना आणायची मुभा नाही, राहायला बराकी. घर नाही, म्हणून दाखवायलाही काही नाही. त्यांचं कुटुंब त्या गावात कधी नव्हतंच, त्यामुळे "गावातली कुटुंबं" अशी यादी केली की ते आपोआप गळतात.

तुमच्या नकाशात चौकोन घरांचे आहेत. एकट्या पुरुषांच्या खोल्या कुठे आहेत?

---

पाम्पाची_सून

माळरान, तुमचा प्रश्न वाचून मी सरळ सासूबाईंना विचारलं. नकाशात त्या जागी कोरा पुठ्ठा होता. अविवाहितांची चाळ गल्लीच्या मागेच होती, पण "तिकडे आम्ही मुली जात नव्हतो" म्हणून त्यांनी काढलीच नाही.

मग जे निघालं ते सांगते. त्यांच्या आईची खानावळ होती. इथल्या सोऱ्याच्या गावांतून बऱ्याच बायका एकट्या कामगारांना जेवू घालायच्या. पगाराच्या दिवशी पैसे, तोवर वहीत उधारी. आणि ती वही आहे! मावससासूबाईंकडे, शिलाईच्या डब्यात, सुतानं बांधलेली. लांबट, पुठ्ठ्याचं कव्हर, पानांच्या कडा तेलकट. डावीकडे माणसाचं नाव, पुढे जेवणाला एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. काही नावांपुढे "बोलिव्हिया" किंवा "कोकिंबो" (चिलीतलाच, इथून दक्षिणेकडचा प्रांत) असं लिहिलंय. एका नावापुढच्या रेघा मधेच थांबतात आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय: हिशेब मिटला. सासूबाई म्हणाल्या, तो कामावर असताना वारला, पैसे द्यायला कुणी आलं नाही, आईनं मिटवून टाकला. कसा गेला ते त्यांना माहीत होतं, पण त्यावर बोलायला त्या तयार नाहीत. मी रेटलं नाही.

या माणसांची इथे पोरंबाळं नाहीत. कुठेतरी असतील. त्यांच्यापर्यंत पोचता येईल का?

---

दप्तरी

पोचता येतं, सगळ्यांपर्यंत नाही. तुमच्याकडे एक सोय आहे. चिलीत माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. वहीत दोन्ही आडनावं असतील तर माणूस पुष्कळ नेमका सापडतो. तिथली जन्म-विवाह-मृत्यूची नागरी नोंद १८८५ पासून आहे. त्याआधीचं चर्चच्या दप्तरात बघावं लागतं, आणि आंतोफागास्ताचा भाग युद्धापूर्वी बोलिव्हियाचा होता, वरचा तारापाका पेरूचा, हे लक्षात ठेवून. दक्षिणेतून किंवा शेजारच्या देशातून भरतीवाल्यांनी आणलेल्या माणसाची जन्मनोंद त्याच्या मूळ गावी असणार, म्हणून ते "कोकिंबो" फार मोलाचं आहे.

दुसरं, बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा. त्यात धर्ममाता-धर्मपित्याची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावं असतात. नातेवाईक हजारो किलोमीटर लांब असलेल्या गावात हा मान कुणाला मिळणार? शेजाऱ्याला, बरोबर काम करणाऱ्याला, खानावळवालीला. तुम्ही वर विचारलेली "कोण कुणाचं कोण" ही गोष्ट निम्मी तिथे लिहिलेली सापडेल. चाळीतला एखादा एकटा माणूस कुणाचा तरी धर्मपिता निघाला तर तो तुमच्या नकाशात आला.

वहीला लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टी नको. सूत सोडवून सपाट पृष्ठभागावर सहाशे डीपीआयला स्कॅन, कोरी पानं आणि कव्हरसुद्धा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या शहरात. मूळ वही घरातच ठेवायची असेल तर आम्लरहित कागदात गुंडाळून, स्वयंपाकघरापासून दूर. पुढेमागे आंतोफागास्ताच्या वस्तुसंग्रहालयाशी किंवा मारिया एलेनाच्या संग्रहालयाशी बोला. वही द्यायचीच असं नाही, पण तिची प्रत तिथे असू द्या.

---

वाटसरू

सगळ्यांनी नाती आणि आठवणींवर लिहिलंय, चांगलंच आहे. मला एवढंच सुचवायचंय की गाव का रिकामं केलं, तेही लोकांच्या तोंडून घ्या. धूळ किती होती, छातीचे आजार कुणाला होते, संप केव्हा झाले, कुणाला काढून टाकलं. सोऱ्याच्या प्रदेशाचा इतिहास नुसता चौकातल्या बँडचा नाही. १९०७ च्या डिसेंबरात इकीके बंदराच्या शहरात, सांता मारिया शाळेत संपकरी कामगारांवर आणि त्यांच्या बायकामुलांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. चाकाबुको नावाचं बंद पडलेलं सोऱ्याचं गाव १९७३ च्या लष्करी उठावानंतर राजकीय कैद्यांची छावणी झालं. तिथल्या भिंतींवर दोन वेगळ्या काळांतल्या माणसांच्या खुणा आहेत आणि दोघांचेही वारस हयात आहेत.

उलट बाजूचं उदाहरण हम्बरस्टोन या सोऱ्याच्याच गावाचं. १९६० साली बंद पडलं, भंगारवाल्यांनी बरंच नेलं, पण जुन्या रहिवाशांनी आणि त्यांच्या मुलांनी संस्था काढून ती जागा मिळवली. २००५ साली ते शेजारच्या सांता लाउरासह जागतिक वारसा झालं, सोबत धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही गेलं, आणि २०१९ साली त्या यादीतून बाहेर आलं. ते घडवून आणणारी माणसं तिथेच वाढलेली होती.

---

पाम्पाची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दीर ऐकले, पट्टी दारावरच राहणार आहे. नणंदेला दोन याद्यांची कल्पना पटली, आणि बंद यादी तिच्याच ताब्यात ठेवायचं ठरलंय.

वाटसरू, धुळीबद्दल सासरे बोलले. आतापर्यंत ते या सगळ्यात नव्हतेच, कोपऱ्यात बसून ऐकायचे. भरड विभागात कोण कोण होतं ते त्यांनी एकेक करून सांगितलं, आणि प्रत्येकापुढे तो किती वर्षं खोकत होता तेही. त्यातली दोन नावं वहीतही आहेत. आता नकाशाच्या मागच्या बाजूला विभागवार यादी सुरू झाली आहे, ती सासऱ्यांच्या अक्षरात.

जूनमध्ये गावाचा वर्धापनदिन असतो. जुने रहिवासी तेव्हा पेद्रोला जमतात, रिकाम्या चौकात टेबलं मांडतात, स्मशानात जाऊन क्रूसांवर कागदी फुलं बांधतात. नकाशा मोठ्या कागदांवर उतरवून तिथे न्यायचा विचार आहे, गल्लीगल्लीचा वेगळा, म्हणजे ज्याला जे आठवतं ते तो भरेल. चाळीसाठी वेगळा कागद, त्यावर वहीतली नावं आधीच लिहून. दप्तरी, लोकांनी थेट कागदावर लिहावं की आम्ही शेजारी बसून लिहून घ्यावं?

---

दप्तरी

दोन्ही. कागदावर त्यांनी लिहावं, मऊ पेन्सिलीनं, म्हणजे चूक सुधारता येते आणि शाई पसरत नाही. शेजारी तुमच्यापैकी एकानं वही घेऊन बसावं: कुणी लिहिलं, त्याची दोन्ही आडनावं, कुठल्या घरात वाढला, आता कुठल्या शहरात आहे, फोन. कागद दुपारी वाऱ्यावर राहणार नाहीत, टेबलाला चिमटे लावा. दर तासाला प्रत्येक कागदाचा फोटो घेत राहा. एखाद्याचं लिहिलेलं दुसऱ्यानं खोडलं, तर आधीच्या फोटोत ते तुमच्याकडे राहील.