वस्तऱ्याने स्वतःची दाढी: सुरुवात कशी करावी?

अर्धी_दाढी
मंडळी, सल्ला हवाय. वय ३१, मुक्काम पुणे. तीन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजने मानेवर कायम पुटकुळ्या येतात, केस आतल्या आत वळतात. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, एकतर दाढी वाढवा, नाहीतर एकाच पात्याने करा. वाढवून पाहिली, तर आई म्हणाली, कुणाचं सुतक पाळतोयस? म्हणून बोहरी आळीतून सलूनवाले वापरतात तसला वस्तरा आणला, अर्धं ब्लेड अडकवायचा.

गाल जमतात. जबड्याच्या वळणावर आणि हनुवटीवर ओरखडे उठतात. वस्तरा किती कलता धरायचा? डाव्या गालाला डावा हात वापरायचा का? आणि ह्यापेक्षा सरळ खरा, धार लावायचा जर्मन वस्तरा घ्यावा का? यूट्यूबवर बघा असं कृपया कुणी सांगू नका. तिथले सगळे जण आधीच गुळगुळीत असलेल्या गालावर दाढी करत असतात.

टवाळखोर
कशाला जिवावर उदार होताय राव? कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जा, वर डोक्याला मालिशही मिळेल. फक्त सोमवारी जाऊ नका.

मिरजकर
टवाळखोर, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांवरच आमचं घर चाललं, तेव्हा तुमच्या सल्ल्याला माझा विरोध असूच शकत नाही. वडिलांचं मिरजेत दुकान होतं. मी पुढे नोकरीत शिरलो, पण स्वतःची दाढी आजही वस्तऱ्यानेच करतो.

अर्धी_दाढी, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा सोपा आणि धारेचा अवघड असं सगळे धरून चालतात. हाताच्या दृष्टीने उलटं आहे. ब्लेड कागदासारखं पातळ, टोकं काटकोनात, अंगाला वजन नाही, त्यामुळे माणूस नकळत दाब देतो. गालाच्या सपाट जागी पातं सबंध टेकतं. जबड्याच्या वळणावर नुसतं पुढचं टोक टेकतं आणि तेच कातडीत शिरतं. तुमचे ओरखडे बारीक रेघेसारखे असतील तर हेच कारण. तिथे टोक किंचित हवेत ठेवायचं, काम मधल्या भागाकडून करून घ्यायचं.

कल साधारण तीस अंश. पाठ गालाला टेकवून मग थोडी उचलली की अंदाज येतो. जास्त उभा धरला तर खरवडतो, फार झोपवला तर केस ओढतो. कान उघडे ठेवा. केस नीट कापले जात असले की कुरकुर असा बारीक आवाज येतो. तो बंद पडला म्हणजे कल बिघडला, नाहीतर फेस सुकला. एका ओढीत बोटभर अंतर पुष्कळ झालं. वस्तरा कधीही धारेच्या रेषेत आडवा सरकवायचा नाही, सरकला की कापलंच.

आता डाव्या हाताचं. दोन्ही हातांनी वस्तरा चालवणारे आहेत, मी दोन्ही गाल उजव्यानेच करतो. डाव्या हाताला त्याहून मोठं काम आहे, कातडी ताणायचं. वडिलांचा उजवा हात निवांत चालायचा आणि डावा क्षणभर स्वस्थ नसायचा. अंगठ्याने कानापुढची कातडी वर, मग दोन बोटांनी गाल कानाकडे. जबड्याचं वळण त्यांनी वळणावर कधी कापलं नाही. तिथली कातडी वर ओढून गालाच्या सपाटीवर आणायची, कापायची, सोडून द्यायची. सोडली की ती आपोआप खाली आपल्या जागी जाते. हे एवढं एक जमलं तर तुमची निम्मी तक्रार मिटेल. बोटं फेसाने घसरतात, म्हणून तुरटीचा ओला खडा शेजारी ठेवा आणि अधूनमधून बोटं त्यावर घासा. पकड येते.

हनुवटी आणि ओठावरचा भाग सध्या नेहमीच्या रेझरनेच करा. त्यात कमीपणा काही नाही. आमच्या दुकानात नव्या पोराला आधी नुसता फेस काढायला बसवायचे, ते पोर वैतागून जायचं. त्यानंतर फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो न फोडता साफ करायचा. गिऱ्हाइकाचा गाल फार पुढची गोष्ट.

मानेसाठी दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि बोटं फिरवून बघा. कंठमण्याच्या आजूबाजूचे केस बऱ्याच जणांचे आडवे किंवा खालून वर उगवतात, डावी-उजवीही सारखी नसते. ज्या दिशेने बोट अडत नाही त्या दिशेने वस्तरा. उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, मानेवर अजिबात नको. तुम्हाला गुळगुळीत मान हवीय की बिनपुटकुळ्यांची, ते एकदा ठरवून टाका.

राईनकाठी
मिरजकर, मस्त. जर्मन वस्तऱ्याबद्दल मी लिहितो. मी डुसेलडॉर्फला असतो, पात्यांसाठी प्रसिद्ध असलेलं झोलिंगन इथून जवळच. तिथे ग्रेफ्राथ भागात पात्यांचं संग्रहालय आहे, इकडे आलात तर चुकवू नका. झोलिंगन हे नाव पात्यावर कुणीही कोरू शकत नाही, १९३८ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे फारच स्वस्तात ‘झोलिंगन’ मिळत असेल तर शंका घ्या.

पण दादा, अजून थांबा. वस्तऱ्याची किंमत ही नुसती सुरुवात. रोज दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचलात की पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटलात तर पट्टाही चिरला आणि धारही गेली. शिवाय काही महिन्यांनी दगडावर पाजवणं आलं. घ्यायचाच असेल तर ५/८ इंच रुंदीचा, गोल टोकाचा घ्या आणि दाढीची धार लावूनच पाठवणार का, हे आधी विचारा.

मिरजकर
पाजवणं अवघड नाही, पण घाई करणाऱ्याचं काम नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, दाब शून्य. हजार नंबरचा भरड दगड धार पार बसली असेल तरच, एरवी आठ हजाराचा बारीक दगड पुरतो. आमच्याकडे हे सगळं नव्वदच्या दशकात मागे पडलं. एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याबसल्या ‘नवीन ब्लेड टाक’ म्हणू लागलं. ते रास्तच होतं. पट्टा मात्र बरेच दिवस खुंटीला नुसता लटकून होता.

पावसाळ्यात वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. खोबरेल नको, चिकट थर धरतं.

गोळ्याबिळ्या
रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा नाद नको. बाकी चालू द्या.

अर्धी_दाढी
गोळ्या नाहीत. मिरजकर, ती कातडी गालावर ओढायची युक्ती आज केली. डावी बाजू एकदम साफ! उजवीकडे डावा हात डोक्यावरून नेऊन कातडी ओढावी लागते, तेवढ्यात बायकोने दार उघडलं आणि बराच वेळ हसत होती. जर्मन बेत रद्द. एक ब्लेड किती दाढ्या चालवायचं?

मिरजकर
हात डोक्यावरूनच जातो, बायकोला सवय होईल. अर्धं ब्लेड तीन-चार दाढ्या. केस ओढल्यासारखे वाटले तर आधीच बदला, दोन-पाच रुपयांसाठी मान खराब करू नका. आणि जुनी ब्लेडं कचऱ्यात मोकळी टाकू नका, पुण्यात कचरावेचक बायका हाताने निवडतात. एखाद्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडा आणि त्यात साठवा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून त्यांच्या हातात द्या.